वेशीचा तुकडा

रोज पहाटे, शेळ्यांचं दूध काढायला जाण्याआधी, मन्नाना चुलीमागच्या खुंटीवरून एक साचा खाली घ्यायची. डोंगरातल्या खुज्या ताडाच्या पानांचा विणलेला, वापरून वापरून मधाच्या रंगाचा झालेला. तो पाण्यात बुडवायची, झटकायची आणि त्याच्या आत हात पसरायची. अंगठा एका कडेला, करंगळी समोरच्या कडेला. बोटं ताणावी लागली, तर साचा ठीक. न ताणता टेकली, तर पानं आखडली आहेत असं समजायचं. मग साचा परत पाण्यात आणि मन्नाना चुलीपाशी बसून. घरात याबद्दल कुणी विचारत नसे आणि ती सांगत नसे. सल्लाम, तिचा नवरा, पांघरुणातून एक डोळा उघडून एवढंच म्हणायचा, "मावला का हात?"

"मावला. ऊठ आता."

साचा तिच्या आईचा होता. बाकीचे साचे मन्नानाने त्याच्यावरून विणले होते, पण माप घ्यायचं ते याचंच. डोंगरावरच्या दार लहूर गावातल्या बायका जबन करतात ते असंच: शेळीच्या कोमट दुधात काटेरी निळ्या फुलांचं पाणी घालून दूध नासवायचं, साच्यात थापायचं, पाणी निथळलं की पांढरी ओलसर चकती पानांत गुंडाळायची. गुरुवारी पहाटे त्या चकत्यांची टोपली पाठीला बांधून डोंगर उतरायचा आणि खमीसच्या बाजारात बसायचं. बाजार गुरुवारचा, म्हणून गावाचंही नाव खमीस, म्हणजे गुरुवार. तिथे वेशीच्या आत, अंजिराच्या झाडाखाली, मन्नानाची जागा. गिऱ्हाईक चकती हातात घेऊन तोलायचं नाही, दाबून पाहायचं नाही. मन्नानाची आहे ना, मग द्या, एवढंच.

खमीसच्या वेशीवर एक जुना रिवाज होता. गाढवावर, खेचरावर जे आत येईल त्याच्यावर पट्टी. माणसाच्या पाठीवर जे येईल त्याला पट्टी नाही. पाठीवर ओझं वाहतात त्या बहुतेक बायकाच, आणि बायकांच्या पाठीकडे वेशीवरचा माणूस कधी बघत नसे. हा रिवाज कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो एका गुरुवारी नाहीसा होऊ शकला.

त्या वर्षी खमीसच्या रस्त्याला विजेचे खांब आले होते. तारा अजून आल्या नव्हत्या. मन्नाना आणि तिची शेजारीण रहीमो खाली पोचल्या, तर वेशीत आडवं बाकडं टाकलेलं आणि बाकड्यामागे बूस्लहाम. हा बूस्लहाम मागच्या वर्षापर्यंत कोंबड्या विकायचा. जाडजूड, घामट, मनाने वाईट नाही. पण बाजाराची पट्टी गोळा करायचा ठेका आता त्याच्या मामाकडे, सी लयाशीकडे गेला होता, आणि मामाने त्याच्या गळ्यात कातडी पिशवी अडकवली होती.

"मावशी, थांबा. टोपली उतरवा."

"का रे? कोंबडी हरवली तुझी?" रहीमो म्हणाली.

"चकतीमागे दहा रियाल. नवीन ठेका, नवीन पट्टी. पाठीवरचंही धरायचं, असं मामांनी सांगितलंय."

मन्नानाने टोपली उतरवली नाही. "पाठीवरचं कधीपासून?"

"आजपासून."

"आणि डोक्यातलं? ते कधीपासून?"

मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. बूस्लहामही हसला असता, पण त्याने पिशवीवर हात ठेवला. "मावशी, मला बोलून काय उपयोग? मी इथे बसलोय फक्त."

चकती शंभर रियालला जायची. दहा चकत्या आणल्या, तर एक अख्खी चकती वेशीची. पण दहा रियाल असोत की शंभर, बाजारात शिरताना बाईकडे पैसे असतात कुठे? पैसे विकल्यावर येतात. बूस्लहामने याचाही विचार करून ठेवला होता. त्याने मन्नानाच्या डोक्याकडे बोट दाखवलं. "टोपी ठेवून जा. जाताना पट्टी भरा, टोपी घ्या."

डोंगरातल्या बाईची टोपी म्हणजे गवताची रुंद टोपी, लोकरीचे निळे-काळे गोंडे असलेली. ती उन्हासाठी असते हे खरं, पण लग्नातल्या दागिन्यापेक्षा ती जास्त वेळ अंगावर असते हेही खरं. मन्नानाने ती काढली. तिला वाटलं होतं त्याहून डोकं हलकं झालं, आणि त्या हलकेपणाचा तिला संताप आला. दुपारपर्यंत वेशीच्या भिंतीवर टोप्यांची रांग लागली. आत अंजिराखाली बायका नुसते रुमाल बांधून बसल्या होत्या, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांनाही त्या ओळखू येत नव्हत्या.

मन्नानाने भाव एकशे दहा सांगितला. पहिलाच आला मफद्दल. वेशीला लागून त्याची बैसाऱ्याची टपरी होती. वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं दाट सूप, वर तेल, बाजूला भाकरी आणि जबनचा तुकडा. वीस वर्षं तो तिच्याकडूनच घ्यायचा.

"दहा कसले?" तो म्हणाला.

"वेशीचे."

"मग वेशीवर जा मागायला. मी काय लयाशीचा मेहुणा आहे?"

"मफद्दल, माझ्या पदरातून गेले असते तर मी तुला सांगितलंही नसतं."

"आणि माझ्या पदरातून? माझं गिऱ्हाईक बैसाऱ्याच्या वाटीला एक रियाल जास्त देत नाही गं. हमाल आहेत ते. वाढवला भाव तर पलीकडे किराण्यातलं चांदीच्या कागदातलं चीज खातील. त्रिकोणी. साबणासारखं लागतं, पण स्वस्त आहे." मग शंभरच्या भावाने दोनच चकत्या घेऊन गेला. एरवी चार घ्यायचा.

संध्याकाळच्या अजानीपर्यंत तीन चकत्या उरल्या. दोन दिवसांत त्या आंबणार. वेशीवर बूस्लहामने मात्र दहांची पट्टी घेतली.

"तीन विकल्या नाहीत," मन्नाना म्हणाली.

"आत आल्या होत्या ना?"

"आत आल्या आणि तशाच बाहेर चालल्यात. मग पट्टी कशाची, फिरायला आल्याची?"

बूस्लहामने टोपी पुढे केली आणि वर पाहिलं नाही.

पट्टीची खरी गोष्ट पुढच्या गुरुवारी पुदिनावाल्याने सांगितली. ठेक्याचा लिलाव कचेरीत झाला, तेव्हा सी लयाशीचा मेहुणाही बोलीला बसला होता. मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला नाही झेपायचं, लयाशी." झालं. लयाशी बोली वाढवत गेला, मेहुणा हसत हसत आणखी वाढवत गेला आणि ऐन वेळी गप्प बसला. खमीसचा बाजार इतक्या पैशांचा कधीच नव्हता. आता ते पैसे कचेरीत भरायचे तर ते बाजारातूनच निघायला हवेत, आणि खेचरांवरची पट्टी त्याला पुरत नव्हती.

"म्हणजे लयाशीचा ताठा आपण पाठीवर वाहायचा," रहीमो म्हणाली.

"कचेरी लयाशीकडे बघते, लयाशी बूस्लहामकडे, बूस्लहाम आपल्याकडे," मन्नाना म्हणाली. "आपण गिऱ्हाइकाकडे ढकलावं तर गिऱ्हाईक पाठ फिरवतं. मग मी कुणाकडे ढकलू? माझ्यामागे आता शेळीच उरली."

रहीमोने मात्र वाट काढली. तिने नवे साचे विणले, एक बोट कमी रुंदीचे. भाव तोच, चकती लहान. आणखी काही बायकांनी तेच केलं. पहिल्या आठवड्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात लोक चकत्या हातात घेऊन तोलायला लागले. न्हाव्याची बायको रहीमोची चकती डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "अगं ही शेळीची की चिमणीची?" तिसऱ्या आठवड्यात लोक सगळ्यांच्याच चकत्या तोलायला लागले, मन्नानाच्याही. एका म्हाताऱ्याने तिची चकती वळवून वळवून पाहिली, अंगठ्याने दाबली, खड्डा पाडला आणि परत ठेवली.

घरी जाईपर्यंत तो खड्डा तिच्या डोळ्यांसमोर होता.

झऱ्यावर रहीमोने तिच्या हातात एक नवा साचा ठेवला. "घे. तुझ्यासाठी विणलाय. उगाच हट्ट करू नकोस."

मन्नानाने त्यात हात घातला. बोटं दुमडून राहिली.

"माझा हात मावत नाही यात."

"हात कशाला मावायला हवा? जबन मावलं म्हणजे झालं."

"रहीमो, आज एक बोट. उद्या लयाशीच्या मेहुण्याने पुन्हा हसून दाखवलं, तर आणखी एक बोट. मग काय शेवटी अंगठीत जबन लावायचं? आणि लोक शिव्या कुणाला देतील? लयाशीला? तुला देतील. देतातच आहेत."

रहीमोला ते लागलं. ती घडा उचलून निघून गेली आणि चार दिवस बोलली नाही.

सल्लामला भांडण नको होतं. तो मुळातच आवाज न करता जगणारा माणूस. शेळ्यादेखील त्याचं ऐकत नसत. त्याने रात्रीच्या जेवणात भाकरी मोडता मोडता सांगितलं, की तो खाटकाशी बोलून आलाय. जबन असं पडून राहणार असेल, तर थंडीच्या आत अर्ध्या शेळ्या दिलेल्या बऱ्या. चारा वाचेल.

"कुठल्या अर्ध्या?" मन्नानाने विचारलं.

"तू सांगशील त्या."

"आणि पुढच्या थंडीला उरलेल्या अर्ध्या?"

बाहेर गोठ्यात काळी शेळी शिंकली. मन्नाना उठून बघून आली आणि जेवायला परत बसली नाही. शेळ्या गेल्या की बाजार गेला, बाजार गेला की अंजिराखालची जागा जाणार. मग ती कोण? सल्लामची बायको, झऱ्यावरची एक म्हातारी. आणि साचा ती रोज पहाटे कशासाठी भिजवणार?

पुढच्या गुरुवारी ती नेहमीसारखी उतरली. टोपी भिंतीवर ठेवली, अंजिराखाली बसली, पानं उघडली. न्हाव्याची बायको आली.

"काय भाव?"

"शंभर."

"जुनाच?" तिने चकती तोलायला हात पुढे केला.

"थांब," मन्नाना म्हणाली. तिने कमरेला गुंडाळलेल्या लाल-पांढऱ्या फडक्याच्या, मंदीलच्या, झालरीतून एक दोरा ओढला, तो दोन्ही हातांत ताणला, आणि चकतीच्या एका बाजूने सरळ खाली नेला. पातळ काप सुटून पडला. तो तिने वेगळ्या पानावर ठेवला आणि उरलेली चकती पुढे केली. "घे."

"हे काय? कापून देतेस?"

"एवढा वेशीचा. बाकीचा तुझा."

"वाहवा! शंभर रियाल देते मी. तो तुकडाही दे मला."

"तो तुझा नाही गं. माझाही नाही. मी घरून अख्खी चकती आणली, तू अख्ख्या चकतीचे पैसे देतेस. मध्ये हा तुकडा गेला. हवा असेल तर वेशीवर जाऊन माग, तिथे बसलाय तो जाडा."

न्हाव्याची बायको भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होती. ती खरंच वेशीवर गेली. कापलेली चकती बूस्लहामच्या नाकासमोर धरून तिने विचारलं, "माझा तुकडा कुठाय?" बूस्लहामला आधी काही समजलंच नाही. समजेपर्यंत तिच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या.

दिवसभर असंच चाललं. काही गिऱ्हाइकं चिडून निघून गेली. एक जण म्हणाला, बाई वेडी झालीय. पण बरेच जण उभे राहिले, त्या दोऱ्याकडे, त्या पानावर वाढत जाणाऱ्या कापांकडे बघत. एकशे दहा म्हटलं असतं तर त्यांनी मन्नानाला लबाड म्हटलं असतं. चकती लहान केली असती तर चोर. आता त्यांच्या डोळ्यांदेखत तुकडा पडत होता, आणि तो कुठे जातोय ते प्रत्येकाला दिसत होतं. मफद्दलने आपल्या चार चकत्या कापून घेतल्या आणि टपरीवर तशाच मांडून ठेवल्या, कापलेली बाजू गिऱ्हाइकांकडे करून.

संध्याकाळी चकती एकही उरली नव्हती. मन्नाना पान उचलून वेशीवर गेली आणि सगळे काप बाकड्यावर ठेवले.

"ही तुझी पट्टी. दहांची. मोजून घे."

"मावशी, पैसे द्या ना."

"पैसे जबन विकल्याचे आहेत. हे विकलं नाही, हे तुझं म्हणून बाजूला ठेवलं. पट्टी जबनवर आहे ना? मग जबन घे."

"मी याचं काय करू?"

"मी शंभरला चकती विकते. एका कापाचे दहा होतात. तूही विक. बस अंजिराखाली, जागा देते तुला."

आसपास हसू फुटलं. बूस्लहाम लाल झाला. "बरं मग, एक अख्खी चकतीच का देत नाही? ही चिंधडी कशाला?"

"अख्खी दिली तर गिऱ्हाइकाला कळणार कसं? त्याला वाटेल, मन्नाना नऊच चकत्या आणते."

तिने हात लांब करून भिंतीवरची टोपी घेतली आणि डोक्यावर ठेवली. बूस्लहामने अडवायला हात उचलला होता, पण हात पिशवीवर ठेवावा की बाकड्यावरून घरंगळणाऱ्या जबनवर, हे ठरेपर्यंत ती वेशीबाहेर होती.

रहीमो तिच्या मागोमाग चढत होती. अर्धा डोंगर चढून झाला. मग मागून आवाज आला, "दोरा कुठला घेतलास?"

"मंदीलचा."

"लोकरीचा चिकटेल, नाही का?"

"चिकटेल. सुती घे."

त्या पुढच्या गुरुवारी अंजिराखाली बसलेल्या सगळ्या बायकांनी जुने मोठे साचे वापरले होते आणि सगळ्यांच्या मंदीलच्या झालरी विस्कटल्या होत्या. संध्याकाळी बूस्लहामच्या बाकड्यावर जबनचा ढीग झाला. ऊन होतं. गांधीलमाश्या आल्या, मग मांजरं आली, मग मांजरांमागे कुत्री. बूस्लहामने आधी थोडं खाल्लं, मग वाया जाऊ नये म्हणून आणखी खाल्लं. शुक्रवारी तो मशिदीत दिसला नाही. पोट बिघडलं होतं, असं कळलं. मन्नानाने त्याच्या आईकडे वाळलेला ओवा पाठवला. पोराशी तिचं भांडण नव्हतं.

मग सी लयाशी स्वतः आला. पांढरा पायघोळ जलाबा, पिवळे जोडे, हातात माळ. अंजिराखाली तो तिच्यासमोर उकिडवा बसला, म्हणजे बाजूच्यांना वाटावं की जबन विकत घेतोय.

"लल्ला मन्नाना," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या नवऱ्याला मी ओळखतो. भला माणूस."

"भला आहे. म्हणून तो घरी असतो."

"मी काय म्हणतो, तुमची पट्टी माफ. तुम्ही एकट्या खुशाल आत या, टोपी डोक्यावर ठेवून. फक्त ते कापणं तेवढं थांबवा. चारचौघांत बरं दिसत नाही."

मन्नानाला एक क्षण शेळ्या आठवल्या. सगळ्या, काळीसकट. सल्लाम खाटकाकडे जाऊन म्हणेल, राहू दे. हे सगळं मानेच्या एका होकारात होतं. तिने समोरची चकती उचलली.

"सी लयाशी," ती मोठ्याने म्हणाली, इतक्या मोठ्याने की पलीकडच्या मडकीवाल्यानेही मान वळवली, "तुम्ही म्हणता की माझी एकटीची पट्टी माफ. मग रहीमोच्या तुकड्याला माझा तुकडा जोडून घेणार का? तुम्हाला तर तेवढंच भरायचंय कचेरीत."

"हळू बोला."

"बोली लावताना तुम्ही हळू बोलला असतात, तर आज मीही हळू बोलले असते."

लयाशी उठला. त्याच्या गुडघ्यांचा आवाज झाला. "मग वेशीच्या आत बसू नका," तो म्हणाला. "बाजार माझा आहे. बाहेर रस्ता आहे, तिथे बसा."

त्याला वाटलं, ही शिक्षा झाली. पुढच्या गुरुवारी बाकड्यामागे बूस्लहामशिवाय आणखी दोन माणसं होती, आणि जबनवाल्या बायकांना आत घ्यायचं नाही असा हुकूम होता. मन्नाना वेशीबाहेरच्या भिंतीला टेकून बसली. तिथे सावली नव्हती. पण डोक्यावर टोपी होती. बाहेर बसणाऱ्याकडून टोपी कोण घेणार? रहीमो तिच्या बाजूला, बाकीच्या त्यांच्या बाजूला. पट्टी नाही म्हणून काप नाही. अख्ख्या चकत्या, शंभर रियाल.

पहिल्या तासात कुणी आलं नाही. इतक्या बायका तिच्या शब्दावर धुळीत बसल्या होत्या. रहीमो म्हणाली, "कुणी आलं नाही तर?" मन्नाना म्हणाली, "मग आपण खाऊ." तिला स्वतःलाच ते उत्तर पुरलं नाही.

मग मफद्दल बाहेर आला. त्याने चार चकत्या घेतल्या, इकडे तिकडे पाहिलं, आत गेला आणि बैसाऱ्याचा हंडा दोन हमालांच्या खांद्यावर घालून परत आला. "भिंतीची ही बाजूही भिंतच आहे," तो म्हणाला आणि चूल मांडली. बैसाऱ्याच्या वासामागे हमाल आले. हमालांमागे त्यांची वाट बघणारी गिऱ्हाइकं. जबन घ्यायला बाहेर आलेली बाई पुन्हा आत कशाला जाईल? तिला पुदिना हवा, अंडी हवीत. पुदिनावाल्याने ते पाहिलं आणि आपल्या जुड्या पाठीवर घेतल्या. पाठीवर. दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेने दुसरा बाजार भरला होता, आणि आतले मडकीवाले, लोखंडवाले रिकाम्या गल्लीत बसून लयाशीच्या नावाने बोटं मोडत होते. त्यांनी पट्टी भरली होती आणि गिऱ्हाईक बाहेर.

असं ऑलिव्ह उतरवायच्या हंगामापर्यंत चाललं. मग एका गुरुवारी बाकडं वेशीत आडवं नव्हतं, भिंतीला लावलेलं होतं. बूस्लहाम त्यावर बसून म्हणाला, "पाठीवरचं सोडायचं सांगितलंय, मावशी. आत या. आत सावली आहे."

मन्नाना लगेच आत गेली नाही. तिने आधी विचारलं, "आणि खेचरावरचं?"

बूस्लहामने मान खाली घातली. खेचरावरची पट्टी वाढली होती. तोटा कुठून तरी भरून निघायलाच हवा होता. त्यामुळे बटाटे महागले, कोळसा महागला, आणि मीठही. हे मात्र मन्नानाला थांबवता आलं नाही. त्या वर्षी तिच्याकडच्या शेळ्या सगळ्या राहिल्या, काळीसुद्धा; पण सल्लामच्या चहातली साखर कमी झाली.

तेव्हापासून तिला एक सवय लागली, आणि ती शेवटपर्यंत गेली नाही. काहीही विकत घेताना ती दुकानदाराला विचारायची, "यात वेशीचा तुकडा केवढा?" निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा घट्ट सुळका असो, चहा असो, दिव्याचं तेल असो. दुकानदार वैतागायचे. "मावशी, घ्यायचं तर घ्या." ती म्हणायची, "घेतेच आहे रे. पण तुझं किती आणि त्यांचं किती, हे कळल्याशिवाय मी तुझ्याशी घासाघीस कशी करू? तुझ्यावर अन्याय होईल." काहींना खरंच माहीत नसायचं. काही जण दुसऱ्या आठवड्यात विचारून ठेवायचे आणि ती आली की आपणहून सांगायचे. एका किराणावाल्याने सुळका तिच्यासमोर ठेवून बोटाने खूण केली, "इथपर्यंत." जवळजवळ अर्ध्यापर्यंत. "आणि एवढ्यावर तू गप्प बसतोस?" असं म्हणून तिने तो घेतला.

लयाशीचा ठेका पुढच्या लिलावात गेला. मेहुण्याने घेतला, पण पुष्कळ कमी बोलीने. पाठीवरचं धरायचं नाही हे आता खमीसमध्ये आंधळ्यालाही ठाऊक होतं. बूस्लहाम पुन्हा कोंबड्या विकायला लागला. अंजिराखाली, मन्नानापासून हाताच्या अंतरावर. चेष्टेत तो तिला म्हणायचा, "मावशी, माझा तुकडा?" आणि ती कधीकधी खरंच दोरा ओढून एक काप त्याला द्यायची. "हळू खा. मागच्या वेळचं आठवतंय ना?"

झालर मात्र तिने पुन्हा कधी नीट केली नाही. नवं मंदील घेतलं तरी पहिल्याच दिवशी त्यातला एक दोरा सैल करून ठेवायची. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "असू दे. हाताशी बरा."

तिचे पाय थकले, तेव्हा टोपली सून वाहायला लागली, हुस्निया. मन्नाना रिकाम्या पाठीने मागून उतरायची आणि अंजिराखाली बसून भांडायची. मग उतरणंही थांबलं. गुरुवारी संध्याकाळी ती दारात बसून हुस्नियाची वाट पाहायची, आणि टोपली दिसली की पहिला प्रश्न विकल्या किती हा नसायचा. "वेशीवर कोण होतं?" हा असायचा.

शेवटची थंडी लांबली. तिला खोकला होता, ती चुलीजवळ पडून असायची, पण पहाटे साचा मागायची. हुस्निया तो ओला करून तिच्या हातात द्यायची आणि ती आत हात पसरायची. बोटं आता पुरती पसरत नसत. ती ताणून बघायची, थांबायची, पुन्हा ताणायची. सल्लाम पांघरुणातून विचारायचा, "मावला का हात?" आणि ती म्हणायची, "मावतोय, मावतोय."

तिच्या शेवटच्या बुधवारी दुपारी ऊन पडलं होतं. हुस्नियाने दुसऱ्या दिवसाच्या बाजारासाठी चकत्या काढल्या, साचे धुतले आणि भिंतीवर ओळीने वाळत ठेवले. मन्नानाने पडल्या पडल्या दारातून ते पाहिलं. तिने हुस्नियाला हाक मारली. हुस्नियाला वाटलं, पाणी हवंय, म्हणून ती भांडं घेऊन आली.

"पाणी मला नको," मन्नाना म्हणाली. "ते साचे उन्हातून काढ. वाळले की आखडतात."